कोजागिरीला मान, कॅटलॉगला नकार

कोजागिरीच्या रात्री सप्तशृंगगडावर ज्यांनी छबिना पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढून तो सहजासहजी जात नाही. राज्यभरातून तृतीयपंथी त्या दिवशी गडावर येतात. भरजरी साड्या, ठसठशीत नथ, कपाळभर मळवट, हातभर बांगड्या, अंबाड्यावर गजरे. वाद्यांच्या गजरात मिरवणूक निघते आणि दोन्ही बाजूंना दाटीवाटीने उभी असलेली माणसं हात जोडतात. कुणी ओटी भरतं, कुणी पाया पडतं, कुणी कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला सांगतं. मी दोनदा कॅमेरा घेऊन गेले आहे. तिथे त्यांचं नटणं कुणालाही खटकत नाही. उलट त्या साध्या सुती साडीत आल्या असत्या तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं असतं.

गड उतरून वणी, दिंडोरी करत साठेक किलोमीटरवर नाशिक. तिथे कॉलेज रोडजवळच्या माझ्या स्टुडिओत मागच्या वर्षी जे घडलं, त्यानंतर हा लेख लिहायचा राहून गेला होता. आज लिहिते आहे.

अठरा वर्षं मी कपड्यांचे आणि दागिन्यांचे फोटो काढते. लग्नसराईच्या आधी पैठणीवाल्यांचे कॅटलॉग निघतात, त्यातलंच एक काम होतं. येवल्याच्या हातमागावरच्या बावीस पैठण्या, एक दिवस, दोन मॉडेल. सकाळी साडेसातला एकीचा फोन आला, अंगात ताप आहे. माझ्याकडे मेकअपला मदत करायला एक मुलगी येते. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे, नाशिक रोडला आईजवळ राहते. उंच आहे, मान लांब आहे, आणि साडी अंगावर कशी पडते याची तिला जी जाण आहे ती शिकवून येत नाही. मी तिला विचारलं, "उभी राहतेस का?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "ताई, मी? फोटोत?"

पैठणीचा फोटो किचकट असतो. पदर पुरता उघडा दिसला पाहिजे, त्यावरचे मोर सुरकुतीत हरवता कामा नयेत, जरीवर उजेड पडून पांढरा डाग उठता कामा नये, आणि हे सगळं सांभाळताना साडी नेसलेली बाई जिवंत वाटली पाहिजे. नाहीतर दुकानातल्या पुतळ्यालाच साडी गुंडाळावी. हात किती उचलायचा, खांदा किती वळवायचा, नजर पदराकडे की कॅमेऱ्याकडे, दर फोटोला नवा हिशोब. तिने संध्याकाळपर्यंत अकरा साड्या पार पाडल्या. जेवायलाही ती पदर सावरतच बसली होती, साडीवर डाग पडू नये म्हणून तिने डाळ घेतलीच नाही.

दुकानदारांनी फोटो पाहिले आणि खूश झाले. कव्हरसाठी तिचाच फोटो निवडला, मोरपंखी पैठणीतला. मग पैसे द्यायची वेळ आली. तिने पॅनकार्डाची प्रत पाठवली. कार्डावर जुनं नाव. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "ताई, फोटो एक नंबर आलेत, त्यात प्रश्नच नाही. पण उद्या कुणी ओळखलं तर? आपलं गिऱ्हाईक बस्ता बांधायला येतं." ओळखलं तर काय होईल, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. "तुम्ही समजून घ्या ना," एवढंच म्हणत राहिले. पैसे त्यांनी पूर्ण दिले, तिचेही दिले. अकरा फोटो मात्र काढून टाकले आणि त्या साड्या दुसऱ्या मुलीला नेसवून पुन्हा शूट झाल्या.

माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला तृतीयपंथी आले होते तेव्हा मी तिथे होते. त्यांना साडी, नारळ, पाकीट दिलं गेलं. त्यातल्या एकीने गल्ल्यावरून हात फिरवला आणि घरातल्या मोठ्या बाईंनी तो शुभ मानून नमस्कार केला. गल्ल्यावरून फिरणारा हात शुभ आणि त्याच हातावर पसरलेला पैठणीचा पदर लग्नाला वर्ज्य, या दोन्ही गोष्टी एका घरात, एका मनात सुखाने नांदतात. त्या दुकानदारांच्या मनात नांदतात तशा आपल्या शहराच्या मनातही. आपण पारलिंगी स्त्रीला मान देतो, तोही वर्षातून एखाद्या रात्री. दान देतो, द्वारका सर्कलला सिग्नल लागला की काचेतून दहाची नोट पुढे करतो. काम द्यायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. पारलिंगी स्त्रियांना सौंदर्यस्पर्धांत आणि मॉडेलिंगमध्ये जागा असावी का, या प्रश्नाकडे मी त्या कामाच्या बाजूने बघते. मुकुट कुणाच्या डोक्यावर गेला याची चर्चा खूप होते. रोजच्या शूटला कुणाला बोलावलं याची होत नाही.

शब्दाचा खुलासा करते. जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी आणि तशी जगणारी जी व्यक्ती, तिला मी पारलिंगी स्त्री म्हणते. तृतीयपंथी, किन्नर या शब्दांमागे एक परंपरा आहे, डेरा आहे, गुरू आणि चेला आहेत. सगळ्याच पारलिंगी स्त्रिया त्या परंपरेत नसतात. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' असा रकाना आला, त्यात देशभरात सुमारे ४.८८ लाख आणि महाराष्ट्रात जवळपास ४१ हजार माणसं मोजली गेली. माझ्याकडची मुलगी त्या वेळी शाळेत होती. तिच्या घरी मोजणीला आलेल्या गुरुजींनी तिला मुलगा म्हणूनच लिहिलं असणार.

"ओळखलं तर" ही भीती आपल्याकडचीच नाही, आणि आजचीही नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात ट्रेसी नॉर्मन ही कृष्णवर्णीय मॉडेल नावारूपाला आली. क्लेरॉल कंपनीच्या केसांच्या रंगाच्या खोक्यावर तिचा चेहरा होता. बायका दुकानात जात, तो चेहरा बघत, तसा रंग आपल्या केसांना यावा म्हणून खोकं उचलत. ती पारलिंगी असल्याचं पुढे बाहेर फुटलं आणि तिची कामं आटली. आदल्या दिवशीचा चेहरा आणि दुसऱ्या दिवशीचा चेहरा तोच होता, केसही तेच. २०१६ मध्ये त्याच कंपनीने तिला पुन्हा जाहिरातीत घेतलं, तेव्हा तिने साठी ओलांडली होती. ब्रिटनमध्ये एप्रिल अ‍ॅशलीला १९६१ मध्ये आणि कॅरोलिन कॉसीला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, दोघीही मॉडेल, वर्तमानपत्रांनी असंच चव्हाट्यावर आणलं. मॉडेलचं उमेदीचं वय किती थोडं असतं हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. चाळीस वर्षांनी पुन्हा बोलावल्याने ती वर्षं भरून निघत नाहीत. आपल्या बाजूला बघायचं तर २०१७ मध्ये नेपाळची अंजली लामा मुंबईत लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर चालली. त्याच वर्षी ब्राझीलची व्हॅलेंटिना सांपाइयो फ्रान्सच्या व्होगच्या मुखपृष्ठावर आली. म्हणजे दार उघडतं. उघडायला कुणालातरी बाहेर ताटकळत उभं राहावं लागतं.

स्पर्धांचं तसंच आहे. २०१२ मध्ये कॅनडात जेना टलाकोवा मिस युनिव्हर्सच्या राष्ट्रीय फेरीत निवडली गेली, मग ती पारलिंगी आहे हे कळल्यावर तिला बाद केलं, मग आरडाओरडा झाल्यावर परत घेतलं आणि पुढे नियमच बदलला. २०१८ मध्ये स्पेनची आंजेला पोन्से बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या मंचावर उतरली, त्या स्पर्धेतली पहिली पारलिंगी स्त्री. ती पहिल्या वीसांतही आली नाही. २०२३ मध्ये एल साल्वादोरला दोघी होत्या, नेदरलँड्सची रिकी कोले आणि पोर्तुगालची मारिना माशेती, त्यातली मारिना पहिल्या वीसांत पोचली. "या आल्या की बायकांचे सगळे मुकुट घेऊन जाणार" असं जे बोललं जातं, त्याच्यापुढे हा हिशोब ठेवून बघावा. त्याच २०२३ च्या स्पर्धेत विवाहित आणि आई झालेल्या स्पर्धकांनाही पहिल्यांदा प्रवेश मिळाला. ग्वाटेमालाची आणि कोलंबियाची स्पर्धक लेकुरवाळ्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत लग्न झालेली बाई त्या मंचाच्या लेखी 'मिस' नव्हती, आणि अठ्ठावीस वर्षांच्या वरची बाई सुंदर नव्हती. वयाची ती अटही २०२४ मध्ये गेली. या अटी कुणी निसर्गनियम म्हणून घातल्या नव्हत्या. आयोजकांनी घातल्या आणि आयोजकांनीच काढल्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाईपणाची व्याख्या बुडाली.

जन्माचा दाखला हाच निकष ठेवला तर काय होतं, ते इटलीत दिसलं. रिकी कोले २०२३ च्या जुलैमध्ये मिस नेदरलँड्स झाली. त्यावर मिस इटलीच्या आयोजकांनी जाहीर केलं की आमच्याकडे जन्माने स्त्री असणाऱ्यांनाच प्रवेश. लगेच इटलीतल्या पारलिंगी पुरुषांनी अर्ज भरायला सुरुवात केली. जन्माच्या नोंदीत ते 'स्त्री' होते, अट पूर्ण होत होती. कुणाला दाढी, कुणाला मिशी. आयोजकांना अर्थातच ते नको होते. मग त्यांना नक्की कोण हवं होतं? जन्माने स्त्री आणि शिवाय दिसायला, वागायला, जगायलाही स्त्री. यातल्या दिसण्या-वागण्या-जगण्याला महत्त्व असेल, तर रिकीमध्ये कमी काय होतं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझ्या धंद्यातून मला याचं जे उत्तर दिसतं ते सांगते. अठरा वर्षांत मी एकही शरीर जसंच्या तसं छापलेलं नाही. मुलीच्या दंडावरचा लसीचा व्रण मी पुसते. ब्लाउज मागून टाचण्यांनी आवळते, समोरून तो बेतून शिवल्यासारखा दिसतो. केसांत खोटे केस, पापण्यांवर खोट्या पापण्या, ब्लाउजच्या आत पॅड, नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रंग लावून नाक धारदार करणं, कंबर संगणकावर दोन बोटं आत घेणं. व्हेनेझुएलासारख्या देशातल्या स्पर्धकांनी प्लास्टिक सर्जरी करून मुकुट जिंकलेले आहेत आणि तिकडे ते कुणी फारसं लपवतही नाही. जी 'नैसर्गिक स्त्री' पारलिंगी मुलीमुळे धोक्यात आली असं आपण म्हणतो, ती या मंचावर कधी उभीच नव्हती. तिथे नेहमी घडवलेली स्त्री उभी होती. ती घडवण्याची कला माझ्या मदतनीस मुलीने माझ्याहून जास्त कष्टाने आत्मसात केली आहे. तिला रोज रस्त्यावरच्या नजरांसमोर परीक्षा द्यावी लागते, माझ्या मॉडेलला फक्त शूटच्या दिवशी.

आता बायकांच्या बाजूने जो आक्षेप येतो तो. मी स्वतः बाई आहे, आणि हा आक्षेप घेणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, त्यामुळे तो मला झटकून टाकता येत नाही. एकीचं म्हणणं असं, की बायकांना मुळात जागाच कमी, त्यात आणखी वाटेकरी कशाला? खेळात हीच चर्चा चालू आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२३ मध्ये पुरुष म्हणून वयात आल्यानंतर बदल केलेल्या पारलिंगी स्त्री खेळाडूंना महिला गटातून वगळलं. त्या वादात मी पडत नाही, त्यात हाडांची, स्नायूंची, सेकंदांची मोजमापं आहेत आणि ते बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण मॉडेलिंगमध्ये कुठला सेकंद आहे? पुरुष म्हणून वाढल्यामुळे मॉडेलला असा कोणता फायदा मिळतो, जो दुसरीला मेहनतीने भरून काढता येणार नाही? उंची म्हणाल तर उंच मुलीच या धंद्यात घेतात, आणि बुटक्या मुलींवर तो अन्याय आहे असं म्हणायला कुणी तयार असेल तर मी तिच्या शेजारी उभी राहीन. आवाज, खांदे, हनुवटी, तळवे, यांबाबत पारलिंगी मुलीच्या वाट्याला फायदा येत नाही, टोमणे येतात.

दुसऱ्या मैत्रिणीचा आक्षेप जास्त खोल आहे. ती स्त्री चळवळीतली, १९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा विरोधात उतरलेल्या पिढीतली. तेव्हा एका बाजूला स्त्री संघटना होत्या, दुसऱ्या बाजूला संस्कृतीच्या नावाने ओरडणारे, आणि स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवावी लागली होती. पुढे २०१४ मध्ये मिस वर्ल्डने ती फेरी बंद करण्याचं जाहीर केलं. माझी ही मैत्रीण म्हणते, "ज्या बाजारात बाईला मापात मोजतात तो बाजारच नको म्हणून आम्ही भांडलो. आता त्याच बाजारात आणखी बायकांना घेऊन या, हा कसला पुरोगामीपणा?"

तिचं निम्मं मला पटतं. मी तो बाजार आतून बघते. गोऱ्या मुलीला अजून आधी बोलावणं जातं, कॅटलॉग आदिवासी पट्ट्यातल्या गिऱ्हाइकाचं असलं तरी. अठराव्या वर्षी जेवण सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, चक्कर येऊन माझ्या बॅकड्रॉपवर पडलेली एक पाहिली आहे. पारलिंगी मुलींच्या बाबतीत तर हे माप दुप्पट कडक असतं. ज्या स्पर्धेपर्यंत पोचतात त्या बहुतेक अशा, की ज्यांना पाहून कुणाला शंकाही येऊ नये. लेझरला पैसा, हॉर्मोनला पैसा, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेला पैसा. ज्यांच्याकडे तो आहे त्या रॅम्पवर, ज्यांच्याकडे नाही त्या सिग्नलवर. मुकुट एकीला मिळाला म्हणून दुसरीचं काही बदलतं असं मी म्हणणार नाही.

पण उरलेलं निम्मं पटत नाही, आणि ते पटत नाही ते या कारणाने. ज्या बाईकडे दहा वाटा आहेत तिने एक वाट नाकारली तर तो तिचा निर्णय असतो. शिक्षिका होता येतं, बँकेत जाता येतं, पार्लर टाकता येतं, मग रॅम्प नको म्हणणं हा विचार झाला. पारलिंगी मुलीला शाळेतच टिकू दिलं जात नाही, कारखान्याच्या गेटवर तिला विचारतात की तू कोणत्या शौचालयात जाणार. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत माझी मदतनीस जाऊन आली आहे, माझ्याकडे येण्याआधी. तिच्या हातात नटण्याची, नेसण्याची, उभं राहण्याची कला आहे, त्या कलेला बाजारात भाव आहे, आणि तिला आपण सांगायचं की हा बाजार बाईला मान खाली घालायला लावतो म्हणून तू येऊ नकोस? मापाविरुद्ध भांडायचं तर तिला सोबत घेऊन भांडूया. खरं तर ती आल्यावर ते माप जास्त लवकर मोडेल असं मला वाटतं, कारण तिच्या खांद्यांना बसणारे ब्लाउज शिवायला लागले की रुंद खांद्यांच्या माझ्यासारखीलाही तयार ब्लाउज मिळेल.

हा मुद्दा निघाला की बालगंधर्वांचं नाव निघतंच. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांच्यासारखी साडी नेसली, त्यांच्यासारखे दागिने घातले, पुरुषाच्या देहावर त्या काळच्या मराठी बाईने आपलं सौंदर्य शोधलं, मग आताच काय झालं, असा युक्तिवाद मी सभांतून ऐकला आहे. तो मला अपुरा वाटतो, आणि थोडा धोक्याचाही. बालगंधर्व पुरुष होते, भूमिका करत होते, पडदा पडला की घरी जात होते. पारलिंगी स्त्री भूमिका करत नाही. तिला त्या रांगेत बसवलं की "म्हणजे हा पुरुषच की" असं म्हणायला लोकांना सोपं जातं. बालगंधर्वांकडून घ्यायचं तर एवढंच घ्यावं, की कोणत्या अंगावर साडी शोभते याबद्दल मराठी डोळा एकेकाळी आजच्याहून मोकळा होता.

कायद्याचं थोडक्यात, पण टाळून चालणार नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने मात्र दोन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर जिल्हाधिकाऱ्यांकडून पारलिंगी असल्याचं ओळखपत्र. शस्त्रक्रियेनंतर हवं असल्यास स्त्री किंवा पुरुष अशी नोंद. आता एखाद्या स्पर्धेच्या अर्जात 'कायदेशीर कागदपत्रांवर स्त्री' अशी अट असली, की ती निरुपद्रवी दिसते आणि आतून शस्त्रक्रियेची अट होऊन बसते. ज्या मुलीने शस्त्रक्रिया केलेली नाही, करायची नाही किंवा परवडत नाही, ती त्या एका ओळीवर बाहेर. तिच्या कपड्यांच्या आत काय आहे हे आयोजकाने विचारावं, ही गोष्ट मला स्पर्धेच्या स्विमसूट फेरीपेक्षाही ओंगळ वाटते. त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ३ ने नोकरी-व्यवसायात पारलिंगी व्यक्तीशी भेदभाव करायला मनाई केली आहे. कॅटलॉगचं शूट हा व्यवसाय आहे. माझ्या दुकानदारांना हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या फोनच्या वेळी मलाही हे कलम नीट माहीत नव्हतं. नंतर वाचलं. त्या दिवशी माहीत असतं तर मी एवढ्या लवकर गप्प बसले नसते.

अमेरिकेत २०२२ मध्ये एका अपील न्यायालयाने उलटा निकाल दिला. सौंदर्यस्पर्धा ही आयोजकाची अभिव्यक्ती आहे, त्याला पारलिंगी स्पर्धक नको असतील तर कायदा सक्ती करू शकत नाही. निकाल मला आवडला नाही, तरी त्याने एक गोष्ट स्वच्छ केली. जो आयोजक दार बंद करतो तो काहीतरी म्हणत असतो. "आम्ही फक्त नियम पाळतो" असं म्हणून त्याला अंग काढून घेता येत नाही.

काहीजण मधला मार्ग सुचवतात. त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा आहेत ना! आहेत, आणि त्यांचं महत्त्व मी कमी मानत नाही. तामिळनाडूत कूवागमच्या उत्सवात वर्षानुवर्षं मिस कूवागम निवडली जाते. थायलंडमध्ये पट्टायाला २००४ पासून मिस इंटरनॅशनल क्वीन होते. आपल्याकडे २०१७ मध्ये निताशा बिस्वास मिस ट्रान्सक्वीन इंडिया झाली. या स्पर्धा माहेरासारख्या आहेत, तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पण माहेर आहे म्हणून गावात घर भाड्याने द्यायचं नाही, असं कसं चालेल? वेगळ्या स्पर्धेचा फोटो वर्तमानपत्रात एक दिवस येतो, 'अनोखी स्पर्धा' अशा मथळ्याखाली. दुसऱ्या दिवशी पैठणीवाला, सोनार, गाऊनवाला शूटसाठी नेहमीच्या यादीतूनच मुलगी उचलतो. त्या यादीत शिरायचं तर नेहमीच्या स्पर्धेतून जावं लागतं, कारण नाशिकसारख्या शहरात मॉडेल शोधायला आमच्याकडे दुसरी जागाच नाही. मुंबईत एजन्सी आहेत. इथे कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीत पट्टा मिळालेली, नवरात्रात दांडियाच्या मंचावर 'बेस्ट ड्रेस' झालेली, गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर शहरातली स्पर्धा जिंकलेली मुलगी, तिलाच फोन जातो. मुकुट दोनशे रुपयांचा असतो, पण त्या रात्री पुढच्या रांगेत बसलेल्या चार दुकानदारांनी तिला पाहिलेलं असतं.

म्हणून मी मिस युनिव्हर्सपेक्षा या लॉन्सवरच्या स्पर्धांचा जास्त विचार करते. तिथे करायच्या गोष्टी काही डोंगराएवढ्या नाहीत. अर्जात जन्माची किंवा शस्त्रक्रियेची अट नको. पुकारताना तिने सांगितलेलंच नाव पुकारावं, कागदावरचं नाव हिशोबनिसाकडे राहावं. कपडे बदलायला सगळ्याच मुलींना एक आडोसा असावा, सध्या बहुतेक ठिकाणी कनातीमागे बारा जणी एकमेकींच्या आडोशाने बदलतात आणि ते कुणासाठीच बरं नाही. निवेदकाला आधी बजावून ठेवावं की तिची ओळख करून देताना 'विशेष', 'धाडसी' असले शब्द नकोत. ती मंचावर आली, चालली, बोलली, गुण मिळाले, खाली गेली. इतरांइतकंच.

आणि शूटच्या बाबतीत, तिला बोलवायचं ते फक्त 'प्राइड' महिन्यात नव्हे. जून महिन्यात इंद्रधनुष्याच्या पार्श्वभूमीवर तिला उभं करून वर्षभर विसरणारे ब्रँड मी पाहिले आहेत. तिला लग्नसराईच्या कॅटलॉगला बोलवा, मंगळागौरीच्या नऊवारीला बोलवा, कुर्त्यांच्या सेलला बोलवा, जिथे तिचं पारलिंगी असणं हा विषयच नसतो. दर तोच लावा जो दुसऱ्या मुलीला. माझ्या त्या दिवशीच्या दोन्ही मॉडेलचा दर सारखा होता, एवढं एक मी बरोबर केलं होतं.

२०२६-२७ चा सिंहस्थ नाशिकला आहे. मागचा २०१५ चा सिंहस्थ आटोपला, त्याच वर्षी पुढे किन्नर आखाडा स्थापन झाला. २०१६ ला उज्जैनला त्यांची मिरवणूक निघाली, २०१९ ला प्रयागराजला ते जुना आखाड्याबरोबर स्नानाला गेले. नाशिकच्या रस्त्यांनी तो आखाडा सिंहस्थात अजून पाहिलेला नाही. आला तर पंचवटीच्या वाटेवर गर्दी हात जोडेल, देशभरचे छायाचित्रकार येतील, मीही जाईन. त्या नथी, ती जरी, ते चेहरे, सगळ्या जगात फिरतील. फोटो काढणाऱ्यांना त्याचे पैसे मिळतील.

तिचे अकरा फोटो माझ्या हार्ड डिस्कवर आहेत. तिने एकदा विचारलं होतं, "ताई, एक पोर्टफोलिओसाठी घेऊ का?" साड्या दुकानाच्या आणि करार दुकानाशी, त्यामुळे मला परवानगी मागावी लागली. दुकानदार म्हणाले, "तिच्याजवळ राहू द्या, फक्त आमचं नाव नको." मोरपंखी पैठणीतला फोटो तिने प्रिंट करून घेतला. आईने तो घरात लावला आहे.

या डिसेंबरमध्ये शहरातल्या एका स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावणं आलं आहे. अर्जाचा नमुना मागवून घेतला. तिसऱ्या क्रमांकावर ओळ आहे, 'स्पर्धक जन्माने स्त्री असावी'. ती ओळ काढली तर मी येईन, असं आयोजकांना लिहून पाठवलं आहे. त्यांच्या उत्तराची वाट बघते आहे. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि तिने आपला अर्ज भरून ठेवला आहे.